घर-संग्रहालये, कोकणातील

कोकण किनाऱ्यावर जुनी घरे आणि राजवाडे आहेत त्याच जागी राखून, आतल्या सामानासकट लोकांना पाहायला खुले ठेवलेले आढळतात. अशा वास्तूंना मराठीत एकच ठरलेले नाव नाही. पाटीवर कुठे ‘स्मारक’ असते, कुठे ‘जन्मस्थान’, कुठे ‘वस्तुसंग्रहालय’. रिक्षावाल्याला मात्र ‘टिळकांचं घर’ किंवा ‘थिबा पॅलेस’ एवढेच सांगावे लागते.

निरनिराळ्या गावांतली घरे एका आवारात आणून मांडायची, ही पद्धत याहून वेगळी. आर्तुर हाझेलियस याने १८९१ मध्ये स्टॉकहोमला स्कान्सेन उघडले, ते असे पहिले मोठे संग्रहालय. स्वीडनच्या कानाकोपऱ्यांतली लाकडी घरे सुटी करून तिथे पुन्हा उभी केली. आपल्याकडे चेन्नईजवळचे दक्षिणचित्र (१९९६) आणि याच किनाऱ्याने खाली गेल्यावर मणिपालचे हस्तशिल्प वारसाग्राम ही त्याच जातीची. कोकणातल्या घराचे असे स्थलांतर कठीण. खांब-तुळया निघतील, चिरेही निघतील, पण उतारात बसवलेले जोते, भोवतीचा गडगा (दगड रचून केलेले कुंपण), रहाटाची विहीर आणि दारापर्यंत येणारी पाखाडी (दगडी पायवाट) कोण उचलून नेणार? त्या वेगळ्या काढल्या की उरते ती नुसती खोल्यांची रांग. गणपतीपुळ्याचे ‘प्राचीन कोकण’ हा तिसरा प्रकार: तिथे माणसाएवढे पुतळे आणि नव्याने उभारलेली घरे यांतून जुने गाव दाखवले आहे. शाळांच्या सहलींना ते अधिक आवडते, आणि त्यात काही गैर नाही. फक्त पाहतो आहोत तो देखावा आहे, हे मुलांना सांगावे.

कोकणी घर वाचायचे तर खळ्यापासून, म्हणजे पुढच्या अंगणापासून, सुरुवात करावी. शेणाने सारवलेले खळे, मध्ये किंवा कडेला तुळशीवृंदावन, मग दोन-तीन पायऱ्या चढून पडवी. पडवीत झोपाळा, कोपऱ्यात इरली आणि काठ्या. तिच्या आत ओटी. आल्यागेल्याची ऊठबस ओटीवर, आणि गावकीतली बोलणीही तिथेच होत. ओटी ओलांडून माजघरात जाताना दाराची चौकट बुटकी लागते. उंच माणूस दोनदा तरी डोके आपटून घेतोच. वाटाड्या ‘सांभाळा हां’ म्हणेपर्यंत पहिला टोला बसलेला असतो. माजघराला लागून बाळंतिणीची खोली. तिला बहुधा खिडकीच नसते, असली तर वीतभर. मोठ्या माणसांची जन्मस्थाने म्हणून ज्या खोल्या दाखवतात त्या अशाच असतात, आणि बाहेरच्या उन्हातून आत आलेल्याला पहिला क्षणभर तिथे काहीच दिसत नाही. पुढे देवघर, स्वयंपाकघर, मागची पडवी. मागच्या पडवीत जमिनीत पुरलेले दगडी व्हायन (उखळ), भात भरडायचे घिरट, जाते, नारळ खवायची आडाळी. वर माळ्यावर भाताच्या कणग्या आणि मोडके पाळणे. न्हाणीतले पाणी पन्हळीतून पोफळींच्या आगरात जायचे. पाण्याची अशी काटकसर कळते ती मागचे दार उघडे असेल तर. बरीच संग्रहालये नेमके हेच दार बंद ठेवतात.

भिंती जांभ्याच्या. खाणीतून काढताना जांभा मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. अंगभर भोके असलेल्या या दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव फ्रान्सिस ब्यूकॅनन याने मलबारमधल्या प्रवासानंतर १८०७ मध्ये दिले, पण चिरे काढणाऱ्यांना त्याचा स्वभाव आधीपासूनच ठाऊक होता. छपरावर पूर्वी गावठी नळे, म्हणजे अर्धगोल कौले, असत. मंगळुरी कौले आली ती बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या कारखान्यांमुळे, १८६० च्या दशकानंतर. म्हणून टिळकांच्या किंवा केशवसुतांच्या लहानपणाचे घर दाखवताना वर सपाट मंगळुरी कौल दिसले, तर ते मागाहून चढलेले असण्याचीच शक्यता जास्त.

रत्नागिरीच्या टिळक आळीतले घर या सगळ्यांत सर्वाधिक पाहिले जाते. बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी इथे झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते आणि घर भाड्याचे होते. टिळकांचे मूळ गाव दापोलीजवळचे चिखलगाव, आणि कुटुंब १८६६ मध्ये पुण्याला गेले. म्हणजे ज्याला आपण टिळकांचे घर म्हणतो ते एका बदलीच्या शिक्षकाचे दहा-बारा वर्षांचे बिऱ्हाड. आत छायाचित्रे आणि कागदपत्रे आहेत, पण घरानेच जे सांगितले असते ते तसबिरींच्या गर्दीत थोडे झाकले जाते. मालगुंडला केशवसुतांचे (१८६६–१९०५) घर कोकण मराठी साहित्य परिषदेने स्मारक म्हणून सांभाळले आहे. आवारात त्यांच्या कविता दगडावर कोरल्या आहेत. पालगडला साने गुरुजी, गागोद्याला विनोबा, शिरढोणला वासुदेव बळवंत फडके, अशी ही मालिका उत्तरेकडे पनवेलपर्यंत जाते.

यादी पाहिली की एक गोष्ट खटकते. राखलेली घरे जवळपास सगळी नामवंतांची, त्यातही खोत-भिक्षुक-नोकरदार वर्गातली. कुणब्याचे कुडाचे घर, भंडाऱ्याचे झापांचे छप्पर, खाडीकाठची कोळ्याची झोपडी यांपैकी जुने, अस्सल असे काही पाहायला मिळत नाही. कारवीचा कूड आणि पेंढ्याचे छप्पर दरवर्षी नवे करायचे असते. घरातली माणसे मुंबईला गिरणीत गेली की दोन पावसाळ्यांत ते मातीला मिळते. त्यामुळे ‘जुने कोकणी घर’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चिरेबंदी घरच येते. कोकणातली बहुसंख्य माणसे मात्र तशा घरात कधी राहिली नाहीत.

राजवाड्यांची गोष्ट निराळी. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये तयार झाला, म्हणजे चोवीस वर्षे भाड्याच्या बंगल्यांत काढल्यावर. १९१६ मध्ये तो इथेच वारला. भाट्याच्या खाडीकडे तोंड करून असलेली ही तांबडी इमारत, तिच्या रंगीत काचा आणि सागवानी जिने पाहताना, वरच्या सज्जातून समुद्राकडे नजर लावलेला कैदी डोळ्यांसमोर आल्यावाचून राहत नाही. राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय तिथे आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला थिबाच्या समाधीवर येऊन गेले.

सावंतवाडीच्या राजवाड्यात, मोती तलावासमोर, दरबार दालनात गंजिफाचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांचे, कारागीर काम करताना दिसतात. गोल पानांवर दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पाने, अशी १२० पानांची दशावतारी गंजिफा तिथे अजून हाताने रंगवली जाते. मरायला टेकलेली ही कला १९७० च्या दशकात इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभी केली. आधी पानाला रंगाचा अस्तर, मग बारीक कुंचल्याने आकृती, शेवटी लाखेचा लेप. कारागिराचा अंगठा एका जागी दाबलेला असतो आणि पान त्याच्याभोवती फिरते. काचेच्या कपाटातल्या शंभर वस्तूंपेक्षा ही दहा मिनिटे अधिक लक्षात राहतात.

घर राखण्यातली खरी अडचण धुराची आहे. नांदत्या घरात चूल पेटायची, धूर माळ्यातून कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा, आणि त्या काजळीने वासे-रिपांना वाळवी व भुंगा लागत नसे. जमीन आठवड्याला सारवली जाई. संग्रहालय झाले की चूल विझते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कुलूपबंद घर चार महिने त्यात भिजत राहते आणि वासे आतून पोखरले जातात. सिमेंटचा गिलावा ही दुसरी चूक. चुन्या-मातीची भिंत श्वास घेते, सिमेंटने ती घुसमटते, मग पोपडे सुटतात आणि ठेकेदार पुन्हा सिमेंटच थापतो. शिवाय ३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते अशी दोन चक्रीवादळे लागोपाठ आली. पहिल्याने श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातली असंख्य छपरे उडवली. उडालेल्या जुन्या नळ्यांच्या जागी पत्रा चढला, तो बहुतेक ठिकाणी उतरलाच नाही.

खाजगी घरांना आणखी एक कीड असते, भाऊबंदकीची. सातबारावर वीस-पंचवीस नावे आणि गणपती-शिमग्याला उघडणारी दारे. दुरुस्तीवर एकमत होत नाही, विक्रीवर मात्र लवकर होते. कोरीव खांब मग एखाद्या रिसॉर्टच्या स्वागतकक्षात उभे दिसतात.

भेट द्यायला दिवाळीनंतरचे दिवस सोयीचे. सोमवारी सरकारी संग्रहालये सहसा बंद असतात. चपला ओटीखाली काढाव्या लागतात. पण घर काम कसे करते ते कळायला आषाढातली एखादी सकाळ बरी. पागोळ्या पडवीच्या बाहेर कुठे पडतात, खळ्यातले पाणी कोणत्या बाजूने वाहून जाते आणि ओटी कशी कोरडी राहते, हे तेव्हाच दिसते. मेअखेरीस गेलात तर छपरावर माणसे असतील: कौले परतण्याचे दिवस. वानरांनी उड्या मारून फोडलेली कौले खाली एका ढिगात आणि बदलायची कौले शेजारी रचलेली. त्या दिवशी माळा पाहायला मिळत नाही.