लाईट गेली तरी कंट्रोलरला घाई नसते

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत लाईट गेली की पहिली काळजी पाण्याची. इंडक्शन भट्टीत लोखंडाचा रस तयार असतो आणि भट्टीभोवतीच्या तांब्याच्या कॉइलमधून गार पाणी फिरत राहावंच लागतं. पंप थांबला तर कॉइल जळते. बऱ्याच ठिकाणी भट्टी चालवण्याएवढा जनरेटर नसतो, पण हा पंप चालेल एवढा तरी ठेवतात. रात्रपाळीला चावी मारायला कोणी धावायची वेळ येऊ नये, म्हणून त्याला ऑटोमॅटिक कंट्रोलर. आपल्याकडे त्याला एएमएफ (ऑटो मेन्स फेल्युअर) पॅनेल म्हणतात.

हा कंट्रोलर तिन्ही फेजचं व्होल्टेज सतत बघत असतो. व्होल्टेज पडलं तरी तो लगेच स्टार्टर फिरवत नाही, काही सेकंद वाट बघतो. पावसाळ्यात क्षणभर लाईट झपकन जाऊन येते. दर वेळी इंजिन सुरू झालं तर डिझेल आणि स्टार्टर दोन्ही वाया.

मग क्रँकिंग, म्हणजे स्टार्टरने इंजिन फिरवणं. इंजिनाने पेट घेतला की स्टार्टर तिथल्या तिथे सुटायला हवा, नाहीतर तोच जळतो. पण पेट घेतला हे कळणार कसं? इंजिनाला जोडलेला, वीज तयार करणारा चार पोलचा अल्टरनेटर मिनिटाला 1500 फेऱ्यांना 50 हर्ट्झ देतो. स्टार्टर फिरवतो तेव्हा फेऱ्या दोनशेच्या आसपास, म्हणजे जेमतेम सहा-सात हर्ट्झ. हर्ट्झचा आकडा वीसकडे गेला, की इंजिन स्वतःच्या जोरावर फिरतंय. किती साधी युक्ती! ऑईल प्रेशरकडे मात्र सुरुवातीचे काही सेकंद कंट्रोलर मुद्दाम दुर्लक्ष करतो, कारण तेव्हा ते कमीच असणार. साधारण तीन प्रयत्नांत इंजिन लागलं नाही, तर अलार्म. कारण बहुतेक वेळा बॅटरीच असते, म्हणून पॅनेलमध्ये लाईटवर चालणारा चार्जर लागतोच.

बसवताना सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे इंटरलॉक. महावितरणचा आणि जनरेटरचा असे दोन कॉन्टॅक्टर (लोड जोडणारे मोठे स्विच) एकाच वेळी कधीच लागता कामा नयेत. चुकून लागले, तर जनरेटरची वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते आणि 415 व्होल्टचे 11,000 होऊन लाईनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतते. त्यामुळे नुसत्या प्रोग्रॅमवर भिस्त नको. वायरिंगमधला आणि लोखंडी दांडीचा, दोन्ही इंटरलॉक हवेत. इथे काटकसर करणाऱ्याला मी तरी काम देणार नाही.

दुसरं, फेजचा क्रम. आर-वाय-बी या तीन फेजमधल्या दोन वायरी उलटसुलट झाल्या तर पंप उलटा फिरतो. आवाज येतो, दिवा लागतो, पण पाणी पुरेसं चढत नाही. भट्टीवाल्याला हे फार उशिरा कळतं. म्हणून चाचणी नुसती व्होल्टमीटरवर नको, पाण्याचा प्रवाह बघून घ्यावी.

पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यात पॅनेल आणि बॅटरी जोत्याच्या वर, भरपूर उंचावर.

लाईट परत आली तरी कंट्रोलर एखाद-दोन मिनिटं ती टिकते का बघतो, मग लोड परत देतो. त्यानंतर इंजिन काही मिनिटं रिकामंच चालतं. टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) गार होईपर्यंत त्याला तेल मिळायला हवं. कोणी घाईने बंद करू नये.

आणि ऑटोवर असलेलं इंजिन न सांगता सुरू होतं. बेल्टजवळ हात घालण्याआधी मोड ऑफ करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, काम झालं की वायर जोडून पुन्हा ऑटोवर टाकायचं.