‘असंरक्षित’ गड म्हणजे नेमके काय? : मे महिन्यातल्या गडभेटींची पार्श्वभूमी

शाळेची सहल थंडीत निघते. मे महिन्यातली भेट घरच्यांची असते. मामाच्या गावाला जाता-येता वाटेतला गड बघायचा, भर दुपारी ऊन टाळायला एखादे संग्रहालय गाठायचे. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या मुलांना खरा किल्ला बहुधा याच सुट्टीत पहिल्यांदा भेटतो. त्या गडाच्या पायथ्याशी कोणाचा फलक आहे, यावर मुलांना वर काय बघायला मिळणार हे बरेचसे ठरते. कुठे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचा निळा फलक असतो, कुठे राज्याचा. बहुतेक गडांवर सरकारी फलकच नसतो. असलाच तर गावातल्या किंवा शहरातून येणाऱ्या तरुणांनी वर्गणी काढून लावलेला असतो. जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून या फलकांविषयी पुन्हा बोलले जात आहे, म्हणून हे टिपण.

फार मागे जायचे तर १८१८ पासून सुरुवात करावी लागते. पेशवाई संपली आणि नव्या राज्यकर्त्यांना सह्याद्रीतले गड पुन्हा कोणी लढवू नयेत असे वाटत होते. रायगड त्या वर्षीच्या मे महिन्यात तोफांच्या माऱ्याने पडला आणि वरचे वाडे जळाले. अलंग, मदन, कुलंग या त्रिकुटावरच्या तुटलेल्या पायऱ्या आजही त्या धोरणाची साक्ष देतात. सुट्टीत आलेले मूल ‘राजवाडा कुठंय?’ असे विचारते आणि आपण त्याला नुसते जोते दाखवतो, त्यामागचे एक मोठे कारण हे आहे. पुढची ऐंशी-नव्वद वर्षे बहुतेक गड ओसच होते. १८९६ मध्ये रायगडावर मोठा उत्सव झाला तेव्हा तिथल्या समाधीची दुरवस्था आधी वर्षभर वर्तमानपत्रांतून गाजत होती.

याच काळात शहरांत संग्रहालये उभी राहत होती. नागपूरचा अजब बंगला १८६३ चा, भायखळ्याचे राणीच्या बागेतले संग्रहालय १८७२ चे. दोन्ही संग्रहालयांची रचना आपापल्या प्रांतातला कच्चा माल, कारागिरी, प्राणी-पक्षी आणि ‘अजब’ वस्तू दाखवण्यासाठी होती. त्यांत राज्याचा इतिहास शोधणे चुकीचे ठरेल, कारण हे राज्यच १ मे १९६० चे. मुंबईचे मोठे वस्तुसंग्रहालय १९२२ मध्ये लोकांसाठी उघडले आणि १९९८ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले.

राज्य १९६० चे असल्याचा मुद्दा गडांच्या यादीलाही लागू होतो, आणि तो सहसा सुटून जातो. संरक्षित स्मारकांची आजची यादी एका जागी बसून कोणी तयार केलेली नाही. मुंबई इलाख्यात १९०४ च्या कायद्याने काम सुरू झाले. शिवनेरी १९०९ मध्येच संरक्षित घोषित झाला होता. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथे १९१४ पासून स्वतंत्र पुरातत्त्व खाते होते आणि अजिंठ्याची चित्रे सावरायला त्याने १९२० च्या सुमारास इटलीहून जाणकार आणले होते. विदर्भाची कागदपत्रे नागपूरला. या तीन दप्तरांच्या आवडीनिवडी वेगळ्या होत्या. साधारणपणे लेणी, मंदिरे, मकबरे आधी नोंदले गेले, कारण तिथे शिल्प होते, शिलालेख होता, अभ्यासकाला वाचता येईल असे काहीतरी होते. पडका तट आणि चार कोरडी टाकी एवढेच उरलेला डोंगरी गड मागे राहिला. पुढे १९५८ चा केंद्राचा कायदा आणि १९६० चा राज्याचा कायदा आला, तेव्हा ‘राष्ट्रीय महत्त्वाची’ स्मारके केंद्राकडे गेली, काही राज्याकडे आली आणि उरलेली कोणाकडेच गेली नाहीत.

‘कोणाकडेच नाहीत’ हेही तितकेसे खरे नाही. गड कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असतोच. कुठे महसूल खाते, कुठे वनखाते, कुठे देवस्थान, कुठे खासगी मालक. सह्याद्रीतले अनेक गड राखीव जंगलात किंवा अभयारण्यात आहेत. तिथे कारवीचे झुडूप तोडले तर गुन्हा होतो. बुरुजाचा दगड उचलला तरी जंगलातला दगड म्हणूनच गुन्हा होतो, स्मारकाचा म्हणून होत नाही. अशा गडाला सरकारी भाषेत ‘असंरक्षित’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ एवढाच, की १९५८ किंवा १९६० च्या कायद्याखाली त्याची अधिसूचना निघालेली नाही. गड महत्त्वाचा आहे की नाही, तिथे काय घडले, याबद्दल हा शब्द काहीही सांगत नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये नेमका इथेच घोळ झाला.

विधानसभा निवडणुकीला दीड महिना उरला असताना राज्य सरकारचा एक निर्णय बातम्यांतून बाहेर आला. सुमारे पंचवीस किल्ले दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खासगी व्यावसायिकांना द्यायचे, तिथे हेरिटेज हॉटेले काढायची, असे त्याचे स्वरूप होते. लग्नसमारंभांचाही उल्लेख आला आणि एकच गहजब उडाला. खुलासाही लगोलग आला: शिवाजी महाराजांशी निगडित गड ‘वर्ग १’ मध्ये येतात, त्यांना कोणी हात लावणार नाही, प्रस्ताव आहे तो ‘वर्ग २’ मधल्या, म्हणजे असंरक्षित गडांपुरता. असे गड तीनशेच्या आसपास आहेत आणि त्यांना तसा इतिहास नाही, असा खुलाशाचा सूर होता.

या खुलाशाने अनेकांचे समाधान झाले. होऊ नये इतके झाले. ‘वर्ग १’ आणि ‘वर्ग २’ हे शब्द दोन्ही कायद्यांत नाहीत. कायद्याला स्मारक संरक्षित आहे की नाही, एवढेच ठाऊक असते. खुलाशाने एका कार्यालयीन स्थितीला इतिहासाचा निकाल करून टाकले. अधिसूचना नाही म्हणून इतिहास नाही, असे ते समीकरण होते. प्रत्यक्षात अधिसूचना न निघण्याची कारणे साधी आणि रटाळ असतात. मोजणीचा नकाशा लागतो, गट क्रमांक जुळावे लागतात, मालकी स्पष्ट असावी लागते. मग प्राथमिक अधिसूचना, हरकतींसाठी मुदत, त्यानंतर अंतिम अधिसूचना. एखाद्या गडाचा घेरा तीन गावांच्या शिवेत विभागलेला असेल तर पहिल्याच पायरीवर फाईल अडकते. ज्या टेहळणीच्या गडांनी घाटवाटा राखल्या, बंदरांकडून येणाऱ्या मालावर जकात घेतली, दोन मोठ्या गडांमध्ये निरोप पोचवला, असे अनेक गड याच गठ्ठ्यात आहेत. मोठ्या लढाया तिथे झाल्या नसतील. राज्य मात्र त्यांच्यावर चालत होते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही नोंदवले पाहिजे. पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न खोटा नव्हता. खासगी हात लागला की स्मारक बिघडतेच असेही नाही. राज्य संरक्षित स्मारके संगोपनासाठी संस्थांना देण्याची योजना २००७ पासून आहे आणि तिच्यातून २०१४ मध्ये नळदुर्ग दहा वर्षांसाठी एका कंपनीकडे गेला. बाग फुलली, बोटी आल्या, कुटुंबे येऊ लागली. पाणीमहालाचे नर-मादी धबधबे उन्हाळ्यात कोरडे असतात, तरी सुट्टीत तिथे गर्दी होते. पण नळदुर्ग संरक्षित आहे. संगोपन करणाऱ्याने एक वीट हलवली तरी विचारणारा अधिकारी आहे, कायद्याचे कलम आहे. २०१९ चा प्रस्ताव नेमका अशा गडांसाठी होता जिथे विचारणाराच नाही. आधी अधिसूचना आणि मग भागीदारी, हा क्रम उलटा केला गेला. त्या वेळच्या संतापात हा मुद्दा लग्नाच्या मांडवाखाली झाकला गेला, आणि आजही चर्चा निघाली की लोकांना मांडवच आठवतो.

२०२५ ने या वादाला एक अनपेक्षित उत्तर दिले. जागतिक यादीतल्या बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले आहेत, बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्यांतले आठ केंद्र संरक्षित आहेत: शिवनेरी, लोहगड, रायगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि जिंजी. उरलेले चार, म्हणजे साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड, राज्य संरक्षित आहेत. जो राजगड रायगडाआधी राजधानी होता, जिथून स्वराज्याचा कारभार सर्वाधिक काळ चालला, तो केंद्राच्या ‘राष्ट्रीय महत्त्वाच्या’ यादीत नसताना थेट जगाच्या यादीत गेला. यादीतल्या जागेवरून गडाची योग्यता ठरवणे किती चुकीचे आहे, याला याहून स्पष्ट दाखला नको.

संरक्षणाला किंमतही असते. केंद्राच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. पन्हाळ्यासारख्या ठिकाणी, जिथे गडावरच गाव नांदते, हा रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे. पाहुण्यांना झुणका-भाकर आणि दही विकणाऱ्या बाईचे छप्पर ‘अतिक्रमण’ ठरू शकते. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने गडांवरची अतिक्रमणे ३१ मेपर्यंत काढण्यासाठी जिल्हावार समित्या नेमल्या, तेव्हा शासनाने दिलेला आकडा ४७ केंद्र संरक्षित आणि ६२ राज्य संरक्षित किल्ल्यांचा होता. त्यापलीकडचे सगळे अजून त्याच जुन्या शब्दाखाली आहेत.

संग्रहालयांतही अलीकडच्या घडामोडींनी जुने काही झाकले गेले. जुलै २०२४ मध्ये लंडनहून तीन वर्षांच्या करारावर वाघनखे साताऱ्याला आली आणि रांगा लागल्या. ती अफझलखानाच्या वेळचीच का, याची खात्री देता येत नाही, असे ती देणाऱ्या संग्रहालयाचेही म्हणणे आहे. रांगेतल्या मुलाला हे कोणीतरी सांगायला हवे. त्याने त्याचे कुतूहल कमी होत नाही. याच जिल्ह्यात औंधला संस्थानकाळातले चित्रांचे संग्रहालय आहे, त्याच्यासाठी मात्र वाट वाकडी करणारे थोडे. (निघण्याआधी वार बघावा. बरीच संग्रहालये सोमवारी बंद असतात. अजिंठाही सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.)

लोक तिथवर पोचू लागले ते एसटीमुळे, हे सांगायला हवे. पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर धावली. १९८८ मध्ये ‘आवडेल तेथे प्रवास’ पास आला आणि ठरलेल्या दिवसांत राज्यात कुठेही फिरता येऊ लागले. रायगडचा रज्जुमार्ग नव्वदच्या दशकातला. त्याने आजी-आजोबाही गडावर पोचले. मात्र या सोयी मोठ्या गडांच्या वाटेवर झाल्या. आडवाटेच्या गडाला आजही सकाळची एकच गाडी असते, आणि ती चुकली की दिवस गेला.

त्या आडवाटेच्या गडांवर उन्हाळ्यात दुसरेच पाहुणे असतात. टाकी कोरडी पडतात म्हणून मे महिना श्रमदानाचा. शनिवार-रविवारी घमेली, फावडी घेऊन पोरे-पोरी चढतात, टाक्यांतला गाळ उपसतात, वाटेवरच्या पायऱ्या मोकळ्या करतात. त्यांच्या मेहनतीमुळे कित्येक गडांवर पिण्याचे पाणी परत आले. त्या गाळात खापरे, नाणी, तोफेचे गोळेही असतात. गड संरक्षित असेल तर उपसण्याआधी परवानगी लागते आणि नोंद ठेवणारा जाणकार येतो. असंरक्षित गडावर परवानगी कोणाकडे मागायची हेच ठरलेले नाही. काही गट स्वतःहून फोटो काढतात, कोणत्या थरात काय मिळाले ते वहीत लिहितात, सापडलेली वस्तू तहसीलदाराकडे जमा करतात. काही ठिकाणी गाळ टाक्याच्या काठावरच पडतो आणि पहिल्या वळवात पुन्हा आत जातो.