कार्पल टनेल सिंड्रोम : सोनोग्राफीने निदान

मनगटात मीडियन नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) दबली आहे का, हे ध्वनिलहरींनी पाहण्याची तपासणी. मनगटाच्या लहान हाडांची कमान आणि तिच्यावर ताणलेला जाड अस्थिबंध यांच्यामधल्या बोगद्यातून, म्हणजे कार्पल टनेलमधून, बोटे मिटणाऱ्या नऊ कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि ही एक नस जाते. जागा मुळातच अडचणीची. आत सूज आली, की नस दबते. अंगठा, शेजारची दोन बोटे आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी सुटते. रात्री मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकला की बरे वाटते. दुखणे जुने झाले तर अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बसत जातो.

मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात, गरोदरपण ही नेहमीची कारणे. त्यांत जोर लावून सतत हात चालवायची कामे मिळवावी लागतात. मराठवाड्यात ऊसतोडीचा कोयता आणि हाताने धारा काढणे ही दोन्ही कामे या जातीची. पण मुंग्या म्हटले की मानेचा मणका, असे घरचे आणि शेजारचे आधीच ठरवून मोकळे होतात. मानेच्या एमआरआयवर पैसे घालण्याआधी करंगळी बधिर होते का, एवढे विचारले तरी दिशा कळते.

तपासणीत तळहात वर करून हात टेकवायचा, बोटे सैल सोडायची. पृष्ठभागाजवळचे दाखवणारा उच्च वारंवारतेचा प्रोब (यंत्राचा हातात धरायचा भाग) मनगटाच्या घडीवर आडवा धरतात. आडव्या छेदात नस मधाच्या पोळ्यासारखी दिसते. प्रोब किंचित तिरका केला की कंडरा काळवंडतात, नस फारशी बदलत नाही. ओळख पटवायची ही हुकमी खूण. मग करंगळीच्या बाजूच्या पिसिफॉर्म हाडाच्या पातळीवर, नसेच्या उजळ कडेच्या आतून रेघ फिरवून क्षेत्रफळ काढतात. ते साधारण 10 चौरस मिलिमीटरच्या वर गेले तर संशय बळावतो. वेगवेगळ्या अभ्यासांत ही मर्यादा 9 ते 12च्या दरम्यान धरलेली आढळते. म्हणून त्याच नसेचे मनगटाच्या वरचे, कोपर आणि मनगट यांच्यामधल्या भागातले मापही घेतात. दोन्हींत 2 चौरस मिलिमीटर किंवा अधिक फरक असेल तर निदानाला बळ येते. प्रोब दाबून धरला तर नस चपटते आणि आकार फसवा दिसतो.

बोगद्याच्या तोंडाशी फुगलेली नस, पुढे तिचे चपटे होणे आणि वर फुगलेला अस्थिबंध ही त्रयी ऑस्ट्रियातील बुखबर्गर आणि सहकाऱ्यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली.

नस किती काम करते, हे मात्र सोनोग्राफी सांगत नाही. त्यासाठी विजेचे हलके झटके देऊन नसेचा वेग मोजावा लागतो. उलट गाठ, कंडरांची सूज किंवा जन्मतः दुभंगलेली नस झटक्यांना दिसत नाही, ती पडद्यावर दिसते. शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही हाताशी असलेले बरे.

मराठवाड्यात सोनोग्राफी यंत्राभोवती कायद्याचा पहारा कडक आहे आणि तो उगाच नाही: 2011च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे फक्त 807 मुली होत्या. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा 1994चा. यंत्र नोंदणीकृत जागेचे, त्यामुळे डॉक्टरने ते पिशवीत घालून ऊसतोड कामगारांच्या कोपीवर नेणे सोपे नाही. गरोदर स्त्रीची सोनोग्राफी केली तर केंद्राला तिची संपूर्ण नोंद ठेवावी लागते. आणि गरोदरपणात मनगटाची नस दबणे तर नेहमीचेच.