बिघाड कुणाच्या अपडेटचा? विंडोजच्या की अँटिव्हायरसच्या?

१९ जुलै २०२४ ला विंडोज कोसळल्यावर येणाऱ्या निळ्या पडद्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरू लागले आणि जो तो म्हणू लागला, विंडोजचं अपडेट आलं आणि कॉम्प्युटर बसले. विमानतळांवर चेक-इन रखडलं, इंडिगोच्या काही प्रवाशांना तर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. पण तो घोळ विंडोजच्या अपडेटचा नव्हताच. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरने आपल्या वेळेनुसार सकाळी ९:३९ ला स्वतःची एक छोटी फाइल ग्राहकांच्या कॉम्प्युटरवर पाठवली होती. प्रोग्रॅम २१ रकाने वाचायला गेला, त्याच्या हाती होते २०. एकविसाव्यासाठी त्याने भलत्याच मेमरीत हात घातला. असा प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसलेला असतो. तिथे चूक झाली की अख्खं मशीन थांबतं. ती फाइल १०:५७ ला मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख कॉम्प्युटर आडवे झाले होते.

जानेवारी २०१८ चं प्रकरण बरोब्बर उलटं. मेल्टडाउन नावाची प्रोसेसरमधली खोट उघड झाली आणि मायक्रोसॉफ्टने घाईने अपडेट आणलं. काही अँटिव्हायरस कर्नलच्या मेमरीत परवानगी नसलेल्या वाटांनी शिरत असत. अपडेटनंतर त्या वाटांनी गेलं की निळा पडदा. म्हणून मायक्रोसॉफ्टने अट घातली: अँटिव्हायरसने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, 'मी सुसंगत आहे' अशी नोंद केल्याशिवाय अपडेट मिळणार नाही. ज्यांच्या अँटिव्हायरसने ती नोंद केली नाही, त्यांची सुरक्षा अपडेट्स गुपचूप थांबली. मला हा प्रकार निळ्या पडद्यापेक्षा वाईट वाटतो. पडदा निदान दिसतो तरी.

दोन्हीकडे पडदा तोच, निळाच. म्हणून लोक हमखास चुकीचं अपडेट काढतात. ओळखीच्या एका सीएंच्या ऑफिसात मागे हेच झालं. जुलैअखेर, रिटर्नची गर्दी, आणि दोन मशीन तासातासाला गोठत होती. तिथल्या मुलाने विंडोजचं अपडेट दोनदा काढलं, दोन्ही वेळा ते परत आलं, गोठणं काही थांबलं नाही. मी स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करून रिलायबिलिटी मॉनिटर उघडला. त्यात दिवसावार रकाने असतात, ज्या दिवशी काही कोसळलं तिथे लाल फुली. फुल्या मंगळवारी सुरू झाल्या होत्या आणि अपडेट हिस्टरीत विंडोजचं अपडेट होतं बुधवारचं. अँटिव्हायरसच्या स्वतःच्या नोंदीत मात्र मंगळवारी दुपारी आवृत्ती बदललेली. त्या कंपनीचंच रिमूव्हल टूल वापरून तो काढला, विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर आपोआप सुरू झाला, आणि मशीन सुरळीत चालू लागली.

तेव्हा आधी तारखा जुळवा, मगच काढाकाढी. गडबड विंडोजच्या अपडेटनंतर सुरू झाली असेल, तर पहिल्यांदा अँटिव्हायरसची नवी आवृत्ती आली आहे का ते पाहा. बऱ्याचदा जुनी आवृत्तीच अडलेली असते. तरी भागलं नाही तर विंडोजचं ते अपडेट काढा. मशीन सुरूच होत नसेल तर दोन-तीन फसलेल्या प्रयत्नांनंतर दुरुस्तीचा पडदा येतो, त्यात 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. गडबड अँटिव्हायरसच्या अपडेटनंतरची असेल तर विंडोजला हात लावू नका. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरत्या गोष्टींसह सुरू होतं त्या अवस्थेत जा आणि तिथून अँटिव्हायरस काढा.

एक उपाय मात्र कुणी सांगितला तरी करू नका: विंडोजची अपडेट्स कायमची बंद करणं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, त्याआधी दोन महिने, १४ मार्चलाच मायक्रोसॉफ्टने त्यावरचं अपडेट दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नाही, त्यांतल्या अनेकांच्या फाइलींना कुलूप लागलं.

आणि हो, सेफ मोडकडे जाताना बिटलॉकर (विंडोजमधलं डिस्कला कुलूप लावणारं साधन) वाटेत ४८ आकडी किल्ली मागू शकतो. २०२४ मध्ये कित्येक आयटीवाल्यांचे तास ती शोधण्यातच गेले. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का ते मशीन धड चालू असतानाच बघा आणि कागदावर उतरवून कपाटात ठेवा.