पेपर्स आणि कलेक्शन एकच नाही: गर्डा लर्नरबाईंच्या खोक्यांवरून

अर्काइव्हचा, म्हणजे जुनी कागदपत्रं जपून ठेवणाऱ्या संस्थेचा, कॅटलॉग चाळताना एका नोंदीवर 'पेपर्स' असतं, दुसऱ्या नोंदीवर 'कलेक्शन', आणि आपण म्हणतो जुने कागदच ना, एकच असणार. मीही बरीच वर्षं असंच समजत होते. पण फरक आहे, आणि तो लक्षात नसला की कागद खरा असूनही आपण त्यातून भलतंच काढून बसतो.

दोन्ही प्रकार एकाच छताखाली बघायचे तर अमेरिकेत, हार्वर्ड विद्यापीठाची श्लेसिंजर लायब्ररी, स्त्रियांच्या इतिहासाची. ही सुरूच झाली एका कलेक्शनवर. 1943 मध्ये मॉड वुड पार्क ह्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतल्या बाईंनी आपलं जुनं कॉलेज रॅडक्लिफला (ते पुढे हार्वर्डमध्येच विलीन झालं) 'वुमन्स राइट्स कलेक्शन' दिलं, त्यात त्यांचे स्वतःचे कागद होतेच पण बाकीच्या कार्यकर्त्यांकडून मागून घेतलेलंही भरपूर होतं. म्हणजे कोणीतरी ठरवून, काय ठेवायचं ह्याचा विचार करून जमवलेलं. आपल्याकडे राजवाडे गावोगाव फिरून, घराघरांतून कागद मिळवायचे, तो झाला संग्रह. आणि पुण्यातलं पेशवे दप्तर कारभार चालता चालता रुमालांत बांधलं गेलं, ते वेगळं. पेपर्स हे ह्या दुसऱ्या जातीचे, फक्त सरकारऐवजी एका माणसाचे.

आता त्याच लायब्ररीत स्त्रियांच्या इतिहासाच्या अभ्यासक गर्डा लर्नर ह्यांचे पेपर्स आहेत. जन्म 1920, व्हिएन्नातलं ज्यू घर, आडनाव क्रोनस्टाइन. 1938 मध्ये नाझींनी सहा आठवडे तुरुंगात टाकलं, 1939 ला अमेरिकेत पोचल्या, लग्न संसार मुलं सगळं होऊन चाळिशी ओलांडल्यावर कोलंबिया विद्यापीठातून पीएचडी केली 1966 मध्ये, आणि 1972 मध्ये सारा लॉरेन्स कॉलेजात स्त्रियांच्या इतिहासाचा एमए सुरू केला, नंतर विस्कॉन्सिन विद्यापीठात पीएचडीचा अभ्यासक्रम उभा केला. एवढ्या आयुष्याचा पत्रव्यवहार, खर्डे, शिकवण्याचे कागद हे कोणाला काही दाखवायचं म्हणून जमलेलं नसतं, जगता जगता साठलेलं असतं. म्हणूनच अर्काइव्हवाले शक्यतो मूळ क्रम मोडत नाहीत. विषयवार लावलं तर शोधायला सोपं जाईल हे खरं, पण कुठलं पत्र कुठल्या फाइलमध्ये कशाच्या शेजारी होतं हीसुद्धा माहितीच असते ना, ती कायमची जाते.

गोंधळ खरा होतो तो इथे. लर्नरबाईंचा प्रबंध ग्रिम्के बहिणींवर होता, साउथ कॅरोलायनातल्या गुलाममालकाच्या घरात जन्मून गुलामगिरीविरुद्ध उभ्या राहिलेल्या सेरा आणि अँजेलिना. समजा एखाद्या इतिहासकाराच्या खोक्यात अँजेलिनाच्या पत्राची नक्कल सापडली, तर ती अँजेलिनाबद्दलचा मूळ पुरावा नव्हे, ती त्या इतिहासकाराच्या कामाचा पुरावा आहे: काय वाचलं, कुठे खूण केली, काय सोडलं. ग्रिम्के बहिणींच्या मूळ पत्रांचा मोठा साठा मिशिगन विद्यापीठाच्या क्लेमेंट्स लायब्ररीत आहे, वेल्ड-ग्रिम्के घराण्याच्या नावाने, वेल्ड हे अँजेलिनाच्या नवऱ्याचं आडनाव. बायकांचे कागद असे घराण्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावाखाली किती गेलेत! 1979 मध्ये अँड्रिया हिंडिंग ह्यांनी अमेरिकाभरच्या अर्काइव्हांत स्त्रियांबद्दलचं कुठे काय आहे ह्याची मार्गदर्शिका काढली तेव्हा नोंदी 18 हजारांवर गेल्या. कागद होते, शोधणाऱ्याला ते तिथे असतील असं वाटलंच नव्हतं.

आणि लर्नरबाईंनी स्वतः कलेक्शनही केलंय. 1972 चं 'ब्लॅक विमेन इन व्हाइट अमेरिका' हे पुस्तक म्हणजे काळ्या स्त्रियांच्या लिखाणातून, जबान्यांतून वेचलेले दस्तऐवज. अफाट काम, मला त्याबद्दल फार आदर आहे. पण ते वाचताना विचारायचं, हे निवडलं कोणी, कशासाठी, काय बाहेर राहिलं. पेपर्स वाचताना वेगळं विचारायचं: हा कागद तयार झाला तेव्हा ह्या बाई काय करत होत्या, कोणाला लिहीत होत्या.

पेपर्स म्हणजे सगळं उघडं सत्य असंही समजू नका. देणारा माणूस काही कागद काढून ठेवतो, काही फाइल अमुक सालापर्यंत बंद असतात. 1946 मध्ये लर्नरबाई कम्युनिस्ट पक्षात गेल्या आणि त्याबद्दल सविस्तर लिहिलं ते 2002 च्या आत्मचरित्रात, म्हणजे पन्नासेक वर्षांनी. मॅकार्थीच्या दिवसांत, म्हणजे अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून माणसांच्या चौकश्या चालायच्या तेव्हा, कागदावर काय ठेवायचं ह्याची माणसांना भीतीच होती, त्यामुळे त्या काळातली रिकामी जागासुद्धा वाचावी लागते.

ह्यातलं सगळ्यात चटका लावणारं उदाहरण अमेरिकन इतिहासकार मेरी बियर्ड ह्यांचं. 1935 मध्ये ह्याच बाईंनी स्त्रियांच्या कागदपत्रांसाठी जागतिक केंद्र काढायचा घाट घातला, पैशाअभावी 1940 मध्ये ते बंद झालं, जमलेलं इकडेतिकडे गेलं. आणि इतकं करून स्वतःचा बहुतेक पत्रव्यवहार त्यांनी आणि नवऱ्याने नष्ट केला. आज त्यांची पत्रं सापडतात ती ज्यांना लिहिली त्यांच्या पेपर्समध्ये. इतिहासकार नॅन्सी कॉट ह्यांनी ती तिथून एकेक शोधून 1991 मध्ये पुस्तक काढलं, म्हणजे दुसऱ्यांच्या पेपर्समधून मेरीबाईंचं कलेक्शन तयार झालं, त्यांचे स्वतःचे असे पेपर्स मात्र जेमतेमच उरले.