एनबीए स्ट्रीट

एनबीए स्ट्रीट : गल्लीतल्या बास्केटबॉलवर बेतलेली आर्केड धाटणीची, म्हणजे हुबेहूबपणापेक्षा वेग आणि गंमत यांवर भर देणारी व्हिडिओ गेम-मालिका. नावातली एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉलची स्पर्धा. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक आर्ट्स (ईए) या कंपनीने ती ‘ईए स्पोर्ट्स बिग’ या नाममुद्रेखाली २००१ ते २००७ या काळात बाजारात आणली. एनबीए स्ट्रीट (२००१), व्हॉल्यूम २ (२००३), व्ही ३ (२००५) आणि होमकोर्ट (२००७) हे मालिकेतले चार मुख्य गेम. प्लेस्टेशन पोर्टेबल या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी २००५ मध्ये ‘शोडाउन’ हाही एक निघाला. तीन विरुद्ध तीन खेळाडू, पंच नाही, फाउल नाही, सामन्याला वेळेचे बंधन नाही. आधी २१ गुण करणारा आणि किमान दोन गुणांनी पुढे असणारा संघ जिंकतो. जवळून टाकलेल्या बास्केटला एक गुण, टोपलीपासून दूर आखलेल्या कमानीबाहेरून टाकलेल्याला दोन.

हे नियम कंपनीच्या कचेरीत बसून कोणी तयार केलेले नाहीत. अमेरिकेतल्या मोकळ्या मैदानांवर वर्षानुवर्षे असेच खेळले जाते. आपल्याकडे गल्ली क्रिकेटमध्ये एक टप्पा आउट, समोरच्या गच्चीवर गेला की आउट, हे नियम जसे जागेच्या अडचणीतून आले, तसेच तिकडचे ‘एकवीस’ आणि ‘एक-दोन’ आले आहेत. पंच नसल्याने फाउल ज्याचा त्याने मागायचा. बाहेर पोरे खोळंबलेली असल्याने सामना आटोपशीर ठेवायचा. जिंकेल त्याने मैदानावर राहायचे, हरेल त्याने पुन्हा रांगेत. एनबीए स्ट्रीटच्या पहिल्या गेममधल्या एका प्रकाराचे नावच ‘होल्ड द कोर्ट’ होते, म्हणजे हरेपर्यंत मैदान सोडायचे नाही. एका बाबतीत मात्र गेमने गल्लीशी फारकत घेतली. तिघा-तिघांचा सामना गल्लीत बहुधा एकाच टोपलीवर, अर्ध्या मैदानात होतो. गेममध्ये पूर्ण मैदान आणि दोन्ही टोपल्या आहेत. धावत येऊन लांबून उडी घेतल्याशिवाय डंकला (उडी मारून चेंडू वरून टोपलीत कोंबण्याला) शोभा येत नाही, हे त्याचे कारण असावे.

या खेळाचे तीर्थक्षेत्र म्हणजे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातले रकर पार्क. होल्कम रकर हे शहराच्या उद्यान खात्यात मुलांच्या क्रीडांगणाची देखरेख करणारे गृहस्थ. हार्लेममधल्या पोरांना उन्हाळ्यात काही उद्योग असावा म्हणून त्यांनी १९५० मध्ये स्पर्धा सुरू केली. तिचा लौकिक पुढे इतका वाढला की एनबीएतले व्यावसायिक खेळाडूही उन्हाळ्यात तिथे उतरू लागले. विल्ट चेंबरलेन आणि ज्युलियस अर्विंग हे त्यांतले ठळक. त्यांच्यासमोर अर्ल मॅनिगॉल्ट, जो हॅमंड, पी वी कर्कलँड अशी मंडळी उभी राहिली. एनबीएत ती कधी खेळली नाहीत, पण हार्लेममध्ये त्यांचे नाव आजही घेतले जाते. रकर १९६५ मध्ये वारले आणि १९७४ मध्ये मैदानाला त्यांचे नाव मिळाले. मॅनिगॉल्टसारख्यांच्या खेळाची नोंद कुठल्याही गुणपत्रकात नाही. जे आहे ते बघणाऱ्यांच्या आठवणीत, आणि आठवण दरवर्षी उडीची उंची थोडी वाढवते. एनबीए स्ट्रीटमधल्या अशक्य उड्या अतिशयोक्त वाटतात खऱ्या, पण ही अतिशयोक्ती गेमच्या आधीची आहे. गेमने ती फक्त डोळ्यांना दिसेल अशी केली.

गेम निघाला तेव्हा वातावरणही अनुकूल होते. १९९७ मध्ये ॲलन आयव्हरसन या नवख्या खेळाडूने थेट मायकेल जॉर्डनला क्रॉसओव्हर ड्रिबलने (चेंडू आपटत झटकन एका हातातून दुसऱ्या हातात नेऊन) चकवले आणि गल्लीतली ही चाल घराघरांतल्या टीव्हीवर गाजली. त्याच सुमारास अँड१ या बूट-कपड्यांच्या कंपनीने रेफर अल्स्टन या रकर पार्कच्या खेळाडूच्या करामतींची अस्पष्ट चित्रफीत जाहिरातीसाठी वाटली. ‘स्किप टू माय लू’ या टोपणनावाने ओळखला जाणारा अल्स्टन नंतर एनबीएतही खेळला. गल्ली आणि व्यावसायिक खेळ यांच्यामधली भिंत अशी दोन्ही बाजूंनी खचत असताना २००१ च्या जूनमध्ये प्लेस्टेशन २ या गेमयंत्रावर पहिला एनबीए स्ट्रीट आला. इलिनॉयमधल्या न्यूएफएक्स या स्टुडिओने तो ईए कॅनडाच्या साथीने बनवला होता.

व्हिडिओ गेमच्या वंशावळीत त्याचे पूर्वज आणखी मागे सापडतात. ईएनेच १९८३ मध्ये ॲपल २ संगणकासाठी ज्युलियस अर्विंग आणि लॅरी बर्ड यांच्यातला एकास-एक सामना काढला होता. त्यात जोरात डंक मारला की टोपलीमागच्या फळ्याची काच फुटायची आणि एक सफाई कामगार झाडू घेऊन कुरकुरत मैदानात यायचा. आर्केड बास्केटबॉलचा विनोदी स्वभाव त्या झाडूवाल्यापासून सुरू होतो, असे म्हणायला हरकत नाही. मिडवे कंपनीचा आर्च रायव्हल्स (१९८९) आणि त्यानंतरचा एनबीए जॅम (१९९३) यांनी दोघांविरुद्ध दोघे हा साचा रूढ केला. जॅममध्ये एकाच खेळाडूने लागोपाठ तीन बास्केट केल्या की त्याच्या हातातला चेंडू पेट घेई आणि समालोचक टिम किट्झ्रो ओरडे. जॅमचा कर्ता मार्क टर्मेल हा डेट्रॉइटच्या संघाचा कट्टर चाहता. अटीतटीच्या सामन्यात शेवटच्या क्षणी शिकागोने डेट्रॉइटविरुद्ध मारलेले फटके हुकावेत, अशी सोय आपण प्रोग्रॅममध्ये गुपचूप केली होती, हे त्याने पुढे कबूल केले. जॅममध्ये जॉर्डन नव्हता, कारण त्याच्या नावाचे हक्क खेळाडू संघटनेच्या सामाईक करारात येत नव्हते. एनबीए स्ट्रीटमध्ये मात्र तो पहिल्या भागापासून आहे. डेटा ईस्टचा स्ट्रीट हूप (१९९४, जपानात ‘डंक ड्रीम’) हाही तीन विरुद्ध तीनचा गल्लीतला गेम होता. भारतात त्याची आठवण असणारे थोडेच निघतील.

जॅमपासून स्ट्रीट वेगळा ठरतो तो ‘गेमब्रेकर’मुळे. पडद्यावर एक मापक पट्टी असते. ड्रिबलच्या करामती, दिखाऊ डंक, उडी मारून अडवलेला फटका, यांनी ती भरत जाते. साधी सरळ बास्केट टाकली तर गुण मिळतो, पण पट्टी फारशी हलत नाही. ती पूर्ण भरली की गेमब्रेकर मारता येतो. त्याने आपले गुण नेहमीपेक्षा जास्त वाढतात आणि प्रतिस्पर्ध्याचे मिळवलेले गुण वजा होतात. बास्केटबॉलमध्ये समोरच्याचा गुण काढून घेण्याची सोय मुळात नाही, म्हणून ही वजाबाकी फार झोंबते. वीस गुणांवर पोचून एका बास्केटची वाट पाहणारा खेळाडू सामना संपलाच असे समजू शकत नाही.

मैदानातला एक जुना वाद यात सुटला आहे. चेंडू बचावपटूच्या पायांतून काढला, त्याला गरगरा फिरवून बसवला, बघ्यांनी आरोळी ठोकली, तरी गुणफलकावर त्याची किंमत शून्य असते. म्हणून प्रशिक्षक असल्या चाळ्यांवर वैतागतात, आणि गल्लीतली पोरे नेमकी त्यासाठीच मैदानात उतरतात. बघ्यांच्या आरोळीला गुणफलकावर जागा देणे ही एनबीए स्ट्रीटच्या कर्त्यांची खरी करामत. शायनिंग मारणे हाच इथे डावपेच होतो. मात्र तो फुकटचा नाही. ड्रिबलच्या कसरती चालू असताना चेंडू हिसकावला जाण्याचा धोका असतो, त्यामुळे किती नाचायचे आणि केव्हा थांबून टोपली गाठायची, याचा हिशेब प्रत्येक चढाईत करावा लागतो. नियंत्रणेही त्याला साजेशी होती. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवरची वरची चारही बटणे टर्बोची, म्हणजे चालीला जादा जोर देणारी. त्यांतली कोणती आणि किती एकत्र दाबली यावर चाल किंवा डंक ठरे. नवशिक्यालाही काहीतरी भन्नाट जमून जाई, आणि सरावलेला खेळाडू हवे तेच काढून दाखवी.

पहिल्या भागात ‘सिटी सर्किट’ हा मुख्य प्रवास होता. गावोगावची मैदाने जिंकत जायचे आणि हरलेल्या संघातला एखादा खेळाडू आपल्याकडे ओढायचा. वाटेत एनबीएच्या संघांबरोबर काल्पनिक गल्लीवीरही भेटत. त्यांतला उंच, मोठ्या केशसंभाराचा ‘स्ट्रेच’ पाहताक्षणी सत्तरीच्या दशकातल्या ज्युलियस अर्विंगची आठवण येते, आणि ती यावी अशीच त्याची घडण आहे.

मालिकेचा कळस म्हणजे व्हॉल्यूम २, याबद्दल खेळणाऱ्यांत फारसे दुमत नाही. हा २००३ मध्ये प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स आणि गेमक्यूब या तिन्ही गेमयंत्रांवर आला. गेमब्रेकर इथे दोन पातळ्यांचा झाला. पहिली पातळी भरली की लगेच वापरायची, की दम धरून पट्टी पुन्हा भरायची आणि दुसऱ्या, जास्त जबर पातळीची वाट पाहायची? दुसऱ्या पातळीत साथीदार हवेतल्या हवेत चेंडू एकमेकांकडे देतात आणि शेवटी डंक होतो. चेंडू समोरच्याच्या कपाळावर आपटून परत घेण्याची उद्धट चालही इथलीच. ‘बी अ लेजंड’ या प्रकारात स्वतःचा खेळाडू घडवून त्याला अनोळखी पोरापासून रकर पार्कच्या नामवंतापर्यंत न्यायचे असते. ऑकलंडचे मॉसवुड, वॉशिंग्टनचे बॅरी फार्म्स, ब्रुकलिनचे ‘सोल इन द होल’ अशी खरी मैदाने त्या वाटेवर लागतात. समालोचनासाठी बॉबिटो गार्सिया याला बोलावले होते. न्यूयॉर्कचा हा रेडिओवाला आणि डीजे स्वतः मैदानावर वाढलेला असल्याने त्याची शेरेबाजी पाठ केल्यासारखी वाटत नाही. सुरुवातीला पीट रॉक आणि सी. एल. स्मूथ या जोडीचे १९९२ सालचे गाणे वाजते. त्यातला सॅक्सोफोन ऐकला की आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या अनेकांना हा गेमच आठवतो. रॅपर नेली आणि त्याचे साथीदार यात खेळाडू म्हणूनही घेता येतात.

व्ही ३ मध्ये करामतींसाठी कंट्रोलरवरची उजवी काडी (स्टिक) वापरायची सोय झाली, गेमब्रेकरमध्ये हवेत असताना काय करायचे तेही खेळणाऱ्याच्या हाती आले आणि डंकची स्वतंत्र स्पर्धा मिळाली. निन्टेन्डोच्या गेमक्यूबवरच्या आवृत्तीत निन्टेन्डोच्याच गेममधल्या मारिओ, लुइजी आणि राजकन्या पीच या पात्रांचा एक संघ होता. बुटक्या, मिशाळ मारिओने एनबीएतल्या सात फुटी सेंटरच्या डोक्यावरून डंक मारणे हे दृश्य मालिकेच्या स्वभावाला शोभणारेच. २००७ चा होमकोर्ट प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० साठी निघाला. कार्मेलो अँथनी मुखपृष्ठावर होता आणि खेळाडू जिथे लहानाचे मोठे झाले ती मैदाने हा त्याचा विषय. दिसायला तो देखणा होता, पण रंग फिके आणि मूड गंभीर झाला, आणि आधीचा खट्याळपणा त्यात कमी पडला असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

याच सूत्रावर ईएने एनएफएल स्ट्रीट (२००४) आणि फिफा स्ट्रीट (२००५) हेही गेम काढले. न्यूएफएक्स २००४ मध्ये ईएने विकत घेतला, त्याचा ईए शिकागो झाला आणि २००७ मध्ये तो बंद पडला. ‘बिग’ ही नाममुद्राही २००८ मध्ये गुंडाळली गेली. एनबीए स्ट्रीटचा नवा भाग त्यानंतर आला नाही.

भारतात बास्केटबॉल हा काही ठरावीक वस्त्यांचा आणि शाळा-कॉलेजांचा खेळ राहिला. मुंबईत नागपाडा हे त्याचे जुने ठाणे. दाटीवाटीच्या वस्तीतल्या तिथल्या मैदानाने राष्ट्रीय पातळीवरचे कितीतरी खेळाडू दिले. ज्यांनी कधी खऱ्या टोपलीत चेंडू टाकला नाही अशा पुष्कळ मराठी मुलांनाही क्रॉसओव्हर म्हणजे काय हे प्लेस्टेशन २ मुळे कळले.

दरम्यान गल्लीतले नियम अधिकृत झाले. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा थ्री-एक्स-थ्री हा प्रकार २०१० च्या सिंगापूर युवा ऑलिंपिकमध्ये आला आणि २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याला पदके मिळू लागली. एक आणि दोन गुण, २१ झाले की सामना खलास, हे तिथेही आहे. पण मैदान अर्धे, दहा मिनिटांची मर्यादा आणि अर्थातच पंच. पडद्यावरचा वारसा विखुरलेला दिसतो. कोरियातल्या जेसी एंटरटेनमेंटचा फ्रीस्टाइल (२००४) इंटरनेटवर तिघा-तिघांचे सामने लावत राहिला. सेबर इंटरॅक्टिव्हचा एनबीए प्लेग्राउंड्स (२०१७) जॅमप्रमाणे पुन्हा दोघा-दोघांवर गेला. एनबीए २के या वास्तवदर्शी मालिकेने २०१३ पासून आपल्यात एक सार्वजनिक मैदान बांधून घेतले आहे. जगभरातले अनोळखी लोक तिथे आपापले खेळाडू घेऊन येतात आणि कडेला उभे राहून आपली पाळी येण्याची वाट पाहतात.