टाका धरतो, पाईप शेजारी तुटतो: घरचं वेल्डिंग आणि बाईकची चासी

हल्ली इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन एवढंसं येतं, खांद्याला लटकवून जिना चढता येतो, त्यामुळे घरीच वेल्डिंग शिकू म्हणणारे बरेच जण भेटतात. ठाण्यात तर कारणही आयतं मिळतं. घोडबंदर रोडने रोज जा-ये करणाऱ्या बाईकचं कॅरिअर, साइड स्टँडचा ब्रॅकेट, लेग गार्ड काही ना काही निखळतंच, आणि वागळे इस्टेट नाहीतर रबाळेच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे एवढ्याशा कामासाठी गेलं तर तो आधी गेटचं काम संपवतो. तर शिका, बिनधास्त शिका. फक्त स्टँडचा टाका (वेल्डचा जोड) आणि चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, टाका ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फरक हाताच्या सफाईचा कमी आणि लोखंडात काय होतं त्याचा जास्त आहे.

वेल्डिंगचा रॉड (लेप दिलेली कांडी, तीच वितळून टाक्यात भरते) टेकवला की ठिणगी पडते आणि रॉड नि पाईपच्या मधे जी आर्क, म्हणजे विजेची सलग ज्योत, उभी राहते तिचं तापमान ५००० अंशांच्या वर असतं, लोखंड १५३८ अंशांना वितळतं म्हणजे हिशोब करा. इतकं तापलेलं लोखंड हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेतं आणि थंड झालं की ठिसूळ होतं, ब्लोहोल, म्हणजे आत वायूची पोकळ भोकं, पडतात ते वेगळंच. रॉडवरचं लेपन त्यासाठीच आहे, ते जळून गॅस तयार करतं, वर स्लॅगचा, म्हणजे मळीचा, थर बसतो, हवा आत येत नाही. ही लेपनाची आयडिया स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्गची, त्याला जहाजांचे बॉयलर दुरुस्त करायचे होते, १९०४ साली त्याने ईसाब कंपनी काढली, तिचे रॉड आजही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

आता मुद्द्याचं. दुकानात मिळणाऱ्या ६०१३ रॉडमधला ६० म्हणजे दर चौरस इंचाला ६० हजार पाउंड ओढ सहन करण्याची ताकद, साध्या माइल्ड स्टीलच्या बरोबरीची. म्हणजे नीट भरलेला टाका पाईपपेक्षा कच्चा नसतो. मग चासी तुटते कुठे? टाक्याच्या कडेला, जिथे बीड (रॉड वितळून बसलेली पट्टी) संपते आणि पाईप सुरू होतो. तिथे आकार एकदम बदलतो, करंट जास्त झाला असेल तर अंडरकटची बारीक खाच पडलेली असते, आणि शेजारचा पाईपचा भाग वितळलेला नसला तरी ७२७ अंशांच्या वर जाऊन आलेला असतो, तिथली कणरचना बदललेली असते. लोखंडी तार हाताने वाकवत राहिलो की ती तुटते ना, तसं खड्ड्यागणिक ह्या कडेवर थोडा थोडा ताण येतो. एकेक झटका पाईप तोडण्याइतका अजिबात नसतो, पण ते लाखो असतात. याला फटिग म्हणतात. आणि गंमत अशी की जास्त ताकदीचं स्टील किंवा भारी रॉड वापरून टाक्याचं फटिग आयुष्य फारसं वाढत नाही, कारण तडा खाचेतून सुरू होतो आणि खाच तीच राहते. म्हणून "जाड थर मारून टाक, हलणार नाही" हा गॅरेजमधला सल्ला चासीला उलटा पडतो, थर जितका उंच तितकी कड तीव्र.

दुसरी भानगड आकसण्याची. १ मीटर पाईप १०० अंशांनी तापला तर १.२ मिलीमीटर वाढतो, आणि टाका तर हजार-दीड हजार अंशांवरून थंड होत आकसतो, तेव्हा तो पाईपला आपल्याकडे खेचतो. हँडल जिथे बसतं त्या हेडजवळ पाईपचा कोन १ अंशाने जरी फिरला तरी साठ-सत्तर सेंटीमीटर खाली असलेला पुढचा अॅक्सल सेंटीमीटरभर सरकतो, मग हात सोडला की गाडी एका बाजूला जाते आणि लोक टायरला दोष देतात. म्हणून आधी सगळीकडे टॅक, म्हणजे छोटे तात्पुरते टाके, मारायचे, माप घ्यायचं, मग समोरासमोर थोडं थोडं भरायचं, मधे थंड होऊ द्यायचं. पाणी ओतून नाही हं.

तडा गेलेला असेल तर त्याच्यावरून नुसती बीड फिरवून काही होत नाही, तडा खाली जिवंतच राहतो. रंग काढायचा, डाय पेनिट्रंट (तड्यात शिरणारा लाल रंग) स्प्रे मारायचा, लाल रेघ उमटते, तिच्या टोकाला ३ मिलीमीटरचं भोक पाडायचं. भोकाने टोकाची धार जाते, तडा पुढे सरकायला कचरतो. मग ग्राइंडरने तड्यावर व्ही आकाराची खाच करून तळापासून भरायचं. वेल्ड केलेल्या वस्तूत तडा आपोआप अडत नाही, जहाजांचं उदाहरण घ्या. रिव्हेटच्या जहाजात तडा प्लेटच्या सांध्याशी बहुतेक वेळा थांबायचा, वेल्ड केलेलं जहाज म्हणजे एकसंध तुकडा, तडा सरळ पुढे जातो. १९४३ च्या जानेवारीत अमेरिकेत स्कनेक्टडी नावाचं नवंकोरं टँकर जहाज धक्क्याला बांधलेलं, शांत पाण्यात, मधोमध फाटलं ते असंच.

घरच्या विजेचं म्हणाल तर २.५ मिलीमीटरच्या रॉडला ७५ अँपिअर आणि आर्कचे साधारण २३ व्होल्ट धरले तर पावणेदोन किलोवॅट होतात, मशीनचा तोटा नि पॉवर फॅक्टर धरून भिंतीतून १२-१३ अँपिअर ओढले जातात. म्हणजे एसीचा १६ अँपिअरचा सॉकेट चालेल, मोबाईल चार्जरचा नाही. चासीचा पाईप पातळ असतो, त्याला २ मिलीमीटरचा रॉड आणि ४० ते ६० अँपिअर बरे, नाहीतर भोक पडतं. ७०१८ हा आणखी ताकदीचा रॉड मजबूत खरा पण आपल्या दमट हवेत उघडा पुडा ओलावा ओढतो, त्या पाण्यातला हायड्रोजन टाक्यात शिरतो आणि कडक स्टील असेल तर तडा दुसऱ्या दिवशी जातो. तो रॉड ३०० अंशांच्या वर भाजून वापरतात, घरच्या ओव्हनमध्ये ते होत नाही. पावसाळ्यात गच्चीवर अजिबात नको, रॉड टेकवलेला नसताना होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट असतात आणि घामट हाताला ते पुरतात.

डोळ्यांना १० किंवा ११ नंबरची काच, गळा झाकलेला, शेजारची पोरं लांब. आर्कचे अतिनील किरण लागले की तेव्हा काही वाटत नाही, रात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं, बटाट्याच्या चकत्यांनी थंड वाटतं तेवढंच, डॉक्टरला दाखवा. सरावाला भंगारातून जीआय पाईप आणू नका, त्यावरचं जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि तो धूर घेतला की संध्याकाळी थंडीताप. क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागेवर तर वेल्डिंग नकोच, आर्कमध्ये त्याचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो. पेट्रोलची टाकी काढून लांब नेऊन ठेवा (टाकी स्वतः वेल्ड करायचा विचारही नको), बॅटरी आणि इसीयूचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) कनेक्टर काढा, अर्थचा क्लँप टाक्याच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि गोळ्यांवर खड्डे पाडतो.

सराव म्हणजे दिसायला छान बीड नव्हे. पातळ काळ्या पाईपचे तुकडे जोडा, मग आडवे कापून आत रॉड मुळापर्यंत पोचलाय का बघा, व्हाइसमध्ये धरून मोडेपर्यंत वाकवा. आयटीआयचा वेल्डर ट्रेड १ वर्षाचा असतो, तो उगीच नाही. माझं मत विचाराल तर कॅरिअर, गार्ड, स्टँड घरी करा, पण स्टिअरिंग हेड, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट आणि इंजिनचे माउंट सीओटू किंवा आर्गन गॅसने वेल्डिंग करणाऱ्या मुरलेल्या वेल्डरकडेच न्या, तिथे जिगवर, म्हणजे चासी घट्ट धरणाऱ्या साच्यावर, माप घेऊन करणारा शोधा. चासी नंबरच्या आसपास ग्राइंडर फिरवू नका, आरटीओत निस्तरणं वेल्डिंगपेक्षा कठीण. आणि काम झालं की वर काळा रंग न मारता फिकट राखाडी प्रायमर मारा, तडा परत गेलाच तर पहिल्या पावसात त्यातून गंजाची बारीक तांबडी रेघ बाहेर येते आणि गाडी धुताना लगेच दिसते.